चवदारची बाटली

विमानतळावर काय काय होतं, याची पहिली शिकवणी मला आमच्या भावकीतल्या एका टॅक्सीवाल्याने दिली. तो मुंबईत टॅक्सी चालवायचा आणि रोज दोन-तीन भाडी सांताक्रूझच्या विमानतळावर सोडायचा. आत त्याने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण दारापर्यंत गेलेला माणूस आत गेलेल्यापेक्षा जास्त सांगतो, हा माझा नोकरीतलाही अनुभव आहे. तालुक्याच्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते आम्हा शिक्षकांना नेहमी बाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाकडूनच आधी कळायचं.

तो तेव्हा गावी आलेला होता, म्हणून त्याने आमच्या अंगणातच तपासणी मांडली. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, त्याने घराच्या चौकटीत हात पसरून उभं केलं आणि स्वयंपाकघरातलं लाटणं आणून ते त्यांच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. असंच यंत्र फिरवतात म्हणाला. आबा तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांनी हे सगळं गंभीरपणे सोसलं. मग सूचना सुरू झाल्या. सुरी नको, अडकित्ता नको, बॅटरीतले सेल काढून घेतात. हसायचं नाही. बॉम्ब हा शब्द तोंडातून काढायचा नाही. विचारतील तेवढंच सांगायचं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, पाणी चालतं का? टॅक्सीवाला हसला. पाण्याला कोण विचारतो, म्हणाला, पाणी तर आत फुकट देतात.

त्या एका वाक्यावर विसंबून आम्ही निघालो.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. विमानं पळवल्याच्या बातम्या पेपरात यायच्या आणि महाडच्या एसटी स्टँडवर, ज्यांनी आयुष्यात पोलादपूरच्या पुढचा घाट ओलांडला नव्हता असे लोक, विमान कसं पळवतात यावर तावातावाने बोलायचे. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवरच्या शाळेत शिकवायला होते. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ‘विमानाने दिल्लीस जाणे’. मुख्याध्यापकांनी अर्ज उलटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाले, बाई, कारण खरं लिहायचं असतं. मी तिकिटं दाखवली तेव्हा त्यांनी रजा दिली, आणि परत आल्यावर मुलांना विमानाचा पाठ द्यायचा असंही बजावलं.

आता आम्हाला विमानाने जायची एवढी घाई का झाली, ते सांगायला हवं.

आबांचे थोरले भाऊ, आबा त्यांना दादा म्हणायचे आणि आम्ही तात्या, दिल्लीला त्यांच्या मुलाकडे अंथरुणाला खिळले होते. मुलगा सरकारी नोकरीत, चांगल्या हुद्द्यावर. त्याचं पत्र आलं. डॉक्टर आता फार काही बोलत नाहीत. तात्या जेवत नाहीत. एकच मागतात, तळ्याचं पाणी आणा म्हणतात. ट्रेनने उशीर होईल, म्हणून त्याने पत्राबरोबर विमानाची दोन तिकिटंच पाठवली होती.

तळं म्हणजे महाडचं चवदार तळं. सत्तावीस सालची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असते. त्या तळ्यावर गुरं पाणी प्यायची, कुत्री प्यायची, आमच्या माणसांना मात्र मनाई. मग एक दिवस हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यात आमचे आबा होते. तुडीलच्या बाजूच्या आमच्या वाडीतून दोघे भाऊ भाकऱ्या बांधून पायी गेले होते. पण तात्या तळ्यावर पोचलेच नाहीत. परिषदेच्या मंडपात सगळ्यांच्या भाकऱ्यांची गाठोडी, घोंगड्या, वहाणा पडलेल्या. राखायला विश्वासू माणूस हवा, आणि आमच्या वाडीत विश्वासू म्हणून एकच नाव निघालं. तात्या गाठोड्यांपाशी बसले. आबा गेले, पाणी प्याले, आणि तिथूनच चार जणांबरोबर शेतातून परस्पर गावाकडे निघाले. अंगाला ओरखडा नाही. इकडे गावात आवई उठली की ही माणसं आता देवळात शिरणार, आणि लाठ्या घेतलेले लोक मंडपात घुसले. तात्या गाठोडी सोडून हलले नाहीत. त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशातली गत.

हात वाकडाच सांधला. त्या वाकड्या हाताने तात्यांनी पुढे मुंबईच्या गोदीत सगळी नोकरी काढली आणि आयुष्यभर आबांना एकच वाक्य ऐकवलं, “पाणी प्यायला ह्यो, आन हात मोडला माझा.” लग्नात, बारशात, मयतीत, कुठेही. लोक हसायचे. आबाही हसायचे, पण खाली बघून.

नंतर का नाही प्याले, असं कुणी विचारेल. आधी तळ्यावर बंदी आली, मग कोर्ट, त्यात दहा वर्षं गेली. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा तात्या गोदीत. पोटापाण्याच्या मागे लागलेल्या माणसाचं तळ्याचं पाणी मागे पडलं. रिटायर झाल्यावर मात्र मुद्दाम आले. चुलती बरोबर होती, मीही होते. तळ्याच्या पायऱ्या उतरायला लागलो तर समोर पाटी, ‘हे पाणी पिण्यास योग्य नाही’. गावात काविळीची साथ होती. चुलतीने त्यांचा सदरा मागून धरून ठेवला. तात्यांनी ती पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, “पयले आपण पाण्याला लायक नव्हतो. आता पाणी आपल्याला लायक नाय.” आम्ही सगळे हसलो. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. मला तेव्हा तो विनोद वाटला. आबांना वाटला नसावा, कारण त्या रात्री ते जेवले नाहीत.

म्हणून हे पाणी. पत्र आलं त्याच दिवशी आबा तळ्यावर जाऊन पाणी घेऊन आले, ओळखीच्या कंपाउंडरकडून मागून घेतलेल्या सलाईनच्या काचेच्या बाटलीत. रबरी बूच, बाजूला मापाच्या रेघा. मी बाटली उजेडात धरली. आत हिरवट काहीतरी तरंगत होतं. मी शिक्षिका आहे, अस्वच्छ पाण्याने होणारे रोग हा धडा मी दरवर्षी शिकवते. आजारी माणसाला हे पाणी द्यायचं तर मी ते उकळणार, असं मी ठणकावून सांगितलं. तुरटी फिरवली, फडक्यातून गाळलं, स्टोव्हवर चांगलं खळखळून उकळलं. आबा दारात बसून बघत होते.

“आमी प्यायलो तवा त्यांनी शेन-गोमुत्र टाकून तळं शुद्ध केलं हुतं,” ते म्हणाले. “आता तू रॉकेलवर कर.”

मला राग आला. त्या रागातच मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. बाटली दिसली की चिठ्ठी चिकटवायची, हा शाळेच्या प्रयोगाच्या कपाटाने लावलेला रोग. शाईने स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘चवदार तळे, महाड. उकळलेले’. माझं अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं आहे. तेच पुढे नडलं.

महाडहून मुंबईपर्यंत एसटीत आबांनी बाटली पिशवीत ठेवली नाही, हातात धरली. रात्रभर. घामाने शाई उतरली. विमानतळावर पोचेपर्यंत ‘तळे’ आणि ‘महाड’ वाहून गेलं होतं आणि दोनच शब्द शिल्लक राहिले होते, ‘चवदार’ आणि ‘उकळलेले’. हे माझ्या लक्षात आलं नाही. आबांना जवळचं दिसत नव्हतं.

आमच्याबरोबरच मुंबईला परतलेल्या टॅक्सीवाल्याने दारापर्यंत सोडलं आणि तो दारातच थांबला. पुढे आपल्याला परवानगी नाही म्हणाला. इतका वेळ आमच्यावर हुकूम सोडणारा तो माणूस काचेच्या दारापाशी एकदम लहान झाला. जाता जाता म्हणाला, लक्षात हाय ना, हसायचं नाय.

आत हसण्यासारखं पुष्कळ होतं. तपासणीच्या तोंडाशी पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे अशी विभागणी झाली. हे टॅक्सीवाल्याच्या शिकवणीत नव्हतं. आबांना काय बोलायचं, काय नाही, ते सगळं मी सांगणार होते, आणि नेमकी मीच पडद्यामागे गेले. पडद्यामागच्या पोलीसबाईने माझ्या अंबाड्यातले आकडे मोजले. पर्स उलटी केली तर खडू निघाले. शिक्षकाच्या पर्समध्ये खडू नसतील तर काय असेल? तिने एक खडू घेतला, वास घेतला, आणि कटकन मोडून आत काय आहे ते पाहिलं. आत खडूच होता. दुसराही मोडला. मी विचारलं, सगळे मोडणार का? तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि पर्सच्या चिठ्ठीवर शिक्का मारला. माझी शाळा असती तर तिला मी खडू मोडल्याबद्दल ओणवं उभं केलं असतं.

बाहेर आले तर आबा टेबलापाशी. त्यांच्या पुढे एक झुळझुळीत कपड्यांतले गृहस्थ होते आणि त्यांच्या हातात तोंड बंद केलेला तांब्याचा गडू. टेबलामागच्या साहेबाने हिंदीत विचारलं, यात काय? गंगाजल, ते म्हणाले. साहेबाचा हात कपाळाकडे गेला. गडूला कुणी बोटही लावलं नाही, उलटा केला नाही, वास घेतला नाही. गंगेत स्फोटक द्रव्य विरघळत नाही, असं काही शास्त्र असावं. विज्ञानाच्या पुस्तकात अजून आलेलं नाही.

मग आबा. पिशवीतून बॅटरी निघाली, तिचे सेल गेले. चंचीतून अडकित्ता निघाला, तो एका पाकिटात गेला, दिल्लीला उतरल्यावर मिळेल म्हणाले. आबा शांत होते. हे सगळं अंगणात होऊन गेलेलं होतं. मग बाटली. टेबलाशी उभा असलेला हवालदार मराठी होता, बोलण्यावरून घाटावरचा. त्याने बाटली फिरवून चिठ्ठी मोठ्याने वाचली, “चवदार. उकळलेले.” आणि त्याच्या मिशीखाली हसू पसरलं. त्याने मागे वळून साहेबाला हिंदीत समजावलं, साहेब, गावठी आहे, भट्टीची, आणि वर लिहूनसुद्धा आणली आहे. रांगेतले दोघे-तिघे हसले. परमिट आहे का, त्याने आबांना विचारलं.

पंचक्रोशीत नावाजलेल्या माझ्या अक्षराने माझ्या बापाला दारूवाला केलं होतं. आबा, ज्यांनी विडीसुद्धा कधी ओढली नाही.

मी धावत टेबलाशी गेले. सांगू लागले की चवदार म्हणजे चव नव्हे, ते तळ्याचं नाव आहे, महाड, जिल्हा रायगड. साहेबाने बूच काढून वास घेतला. दारूचा वास नाही हे त्याला कळलं. पण त्यामुळे भानगड वाढली. दारू असती तर त्याला समजली असती. बिनवासाचं, बिनरंगाचं, इस्पितळाच्या बाटलीतलं काहीतरी एक म्हातारा दिल्लीला घेऊन चाललाय, हे त्याला समजेना. ॲसिड असेल, काहीही असेल. पाणी आत मिळतं, म्हणाला, हे टाकून द्या.

आबांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. माझी आई गेली तेव्हाही नाही. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, तीर्थ आहे म्हणा. गंगाजल गेलं ना मघाशी, आपलंही जाईल. मी आयुष्यात कुठल्या देवाला हात जोडलेला नाही. पण त्या क्षणी मी तेतीस कोटींपैकी कुणाचंही तीर्थ म्हणायला तयार होते. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चौथीत गणितात नापास झाले तेव्हा बघितलं होतं. मग साहेबाकडे वळून सरळ म्हणाले, “तीर्थ नाय. पाणी हाय.”

साहेबाने हात झटकला. तेव्हा त्या हवालदाराने तोडगा काढला. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं काम होऊन जाईल.

“आजोबा,” तो म्हणाला, “चवदार असेल तर पिऊन दाखवा.”

साहेबाला पटलं. हं, पिऊन दाखवा, मग न्या. किती सोपं होतं. रांगेतल्या लोकांनाही वाटलं, पी की बाबा, आम्हाला उशीर होतोय. आबा पिईनात. हवालदाराचं हसू मावळलं. न पिणाऱ्याचा संशय येणारच, तपासणीचं सगळं शास्त्रच तसं आहे.

“माझा घोट मी प्यायलोय,” आबा म्हणाले. “ह्यो माझ्या भावाचा हाय.”

कधी प्याला, हवालदाराने विचारलं. त्याला वाटलं असेल बाहेर, दहा मिनिटांपूर्वी. आबांनी सांगितलं, सत्तावीस साली.

आता मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. मी म्हटलं, मी पिते. नियमात बसत नव्हतं, ज्याची बाटली त्याने प्यायची. मग मी तिथे, त्या टेबलापाशी, वर्गात शिकवते त्या आवाजात तळ्याचा सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली. मंडपापर्यंत आले तेव्हा साहेबाने घड्याळ बघितलं. आमच्या विमानाचा पुकारा झाला. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याचं काम करत होता, हे तेव्हाही कळत होतं, आणि म्हणून जास्तच राग येत होता. वाईट माणूस असता तर भांडले असते. नियमाला इतिहास शिकवता येत नाही. मी इतकी वर्षं पोरांना शिकवते आहे, मला माहीत आहे.

आबांनी माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं. हवालदाराला म्हणाले, बूच काढ. आणि कमरेत वाकले, दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि तोंडाशी धरली.

लहानपणी शाळेत त्यांना असंच पाणी मिळायचं. कुणीतरी वरून ओतायचं, हे खाली वाकून ओंजळीत घ्यायचे. त्यांनीच मला सांगितलेलं. त्यानंतर त्यांनी आयुष्यात कधी ओंजळीने पाणी प्यायलं नव्हतं, फक्त तळ्यावर तेवढं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पेला मुद्दाम ओठाला लावून प्यायचे, आवाज करून, सगळ्यांना दिसेल असं. आणि आता ह्या चकचकीत फरशीवर, सूटबूटवाल्यांच्या रांगेसमोर, माझा बाप वाकून उभा होता.

“आबा, सरळ उभे राहा,” मी म्हटलं. “मी पेला आणते.”

वाकल्या वाकल्याच ते म्हणाले, “तोंड लावून उष्टं नाय करायचं गो. दादाला जायाचंय.”

मला दिसत होता तो अपमान ह्यात नव्हताच. पेला आणायचंही मग सुचलं नाही.

हवालदाराने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि ओतलं. वरून नाही. बाटलीचं तोंड त्याने आबांच्या बोटांना जवळजवळ टेकवलं होतं आणि थेंब बाहेर जाऊ नये म्हणून स्वतः वाकला होता. आबा प्याले. मिशी पुसली. साहेब थोडा वेळ बघत राहिला, हा पडतो की काय म्हणून. पडले नाहीत. मग पिशवीच्या चिठ्ठीवर शिक्का बसला, ठप्पकन, तपासणी पूर्ण. हवालदाराने बूच घट्ट बसवलं आणि आबांना हळू विचारलं, कुठलं तळं म्हणालात? महाडचं, आबा म्हणाले. त्याने पुन्हा ती चिठ्ठी बघितली. मग आमची पिशवी उचलून पुढच्या दारापर्यंत आणून दिली. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती. मी ती मुद्दाम वाचली नाही. आडनाव वाचून माणूस ओळखायची आपल्याकडची खोड निदान त्या दिवशी तरी मला नको होती.

विमानाबद्दल मुलांना काय पाठ द्यायचा, कपाळ. मला विमान आठवतच नाही. आबा खिडकीपाशी बसले होते आणि एकदाही बाहेर बघितलं नाही. बाटली मांडीवर. हवाईसुंदरीने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. अंगठा बाटलीच्या रेघांवर होता. पाणी एका रेघेने खाली गेलं होतं. मग म्हणाले, “दुसऱ्या टायमाला बी मीच प्यायलो गो. दादाला काय सांगू?”

मी म्हटलं, नाइलाज होता. ते म्हणाले, पयल्यांदा बी दादानं असंच म्हणून मला तळ्यावर सोडलंन. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आपणच चिठ्ठी लावली नसती तर. मला माझ्या अक्षराची लाज वाटली, अजूनही वाटते.

दिल्लीला अडकित्ता पाकिटातून परत मिळाला. घरी पोचलो तर तात्या ओळखू येईनात. अंगावरच्या रजईखाली माणूस आहे की नुसती रजई आहे, असं वाटावं इतके वाळलेले. वाकडा हात तेवढा रजईवर होता. चुलती म्हणाली, दोन दिवसांत धड बोललेले नाहीत. आबांनी बाटली त्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि रेघा बघितल्या. सगळी नोकरी गोदीत माल मोजण्यात गेलेली.

“कमी हाय,” ते म्हणाले.

पंच्याहत्तरी ओलांडलेले आबा पलंगापाशी हात बांधून उभे राहिले. मी प्यायलो, म्हणाले. पोलिसांनी प्यायला लावलं. तात्यांनी डोळे बारीक केले. मारलं का, त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, मारलं नाही, नुसतं पी म्हणाले.

“पी म्हणाले?”

“व्हय.”

“आन नाय प्यायलास तर?”

“तर जाऊ देनार नव्हते.”

तात्यांनी नजर छताकडे वळवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं ठसका लागला, चुलती धावली. पण ते हसत होते. आवाज नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाकडा हात रजईवर आपटत होता. तवा प्यायलो म्हणून मारलं, म्हणाले, आन आता नाय प्यायलो तर जाऊ देत नाय. पुन्हा हसले. मग आबांना म्हणाले, नीट सांग, पोलीस नेमकं काय बोलला, तसंच सांग. आबांनी सांगितलं, चवदार असेल तर पिऊन दाखवा. तात्यांनी ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा आबांनी हवालदाराचा आवाज काढून सांगितलं, आणि त्यांनाही हसू फुटलं. दोघे म्हातारे हसता हसता रडत होते आणि आम्ही बाकीचे दारात उभे होतो.

मग तात्यांना उशांना टेकवून बसवलं. चुलत भावाने पेला आणला. तात्यांनी तो वाकड्याच हातात घेतला, दुसऱ्या हाताने आधारही घेऊ दिला नाही. एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. सगळे बघत होते.

“ह्ये उकळलंय कोणी?” त्यांनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे बोट केलं. मी खाली बघितलं. तात्या म्हणाले, चव घालवलीस गो, आणि पुन्हा पेला तोंडाला लावला. सावकाश, थांबत थांबत पीत राहिले. तळाशी घोटभर उरलं तेव्हा थांबले आणि पेला आबांपुढे धरला.

“घे,” ते म्हणाले. “उष्टं हाय माझं. आता कोन सांगत नाय, तुझ्या मनानं पी.”

आबांनी पेला ओठाला लावला आणि प्याले.